ऑस्ट्रिया मिठाच्या वाटेने: हालश्टाट, बाड इश्ल, साल्झबर्ग आणि तिकडचं खाणंपिणं

शेवंती

नवीन वर्ष लागलं की ओळखीपाळखीतून निरोप यायला लागतात, "मेमध्ये युरोपला येतोय, ऑस्ट्रियात काय बघू?" सोबत सहलीचं पत्रक असतं. त्यात ऑस्ट्रिया म्हणजे इन्सब्रुकचं सोनेरी छप्पर, स्फटिकांचं दालन आणि एक रात्र मुक्काम. नशीब जोरावर असेल तर हालश्टाट, दोन तास. मी ऑस्ट्रियातल्याच लिंट्समध्ये राहते, तेव्हा मी बाजू घेणारच. पण प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच इथे लिहून टाकते.

माझं म्हणणं एवढंच आहे की साल्झबर्गच्या पूर्वेचा तळ्यांचा आणि डोंगरांचा मुलूख, साल्झकामरगूट, मिठाच्या अंगाने बघा. एरवी एक तळं पाहिलं की दुसरं तसंच वाटतं, तिसऱ्याला माणसं बसमध्ये झोपतात. मिठाचा धागा हातात असला की तीच गावं बोलायला लागतात.

हालश्टाटचा तो फोटो सगळ्यांनी पाहिलाय: तळं, टोकदार मनोऱ्याचं चर्च, मागे उभा कडा. चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात २०१२ साली या गावाची नक्कलसुद्धा उभी राहिली. वस्ती जेमतेम साडेसातशेची आणि उन्हाळ्यात पर्यटक रोज त्याच्या कितीतरी पट. २०२३मध्ये गावकरी वैतागून रस्त्यावर उतरले होते. फोटोच्या जागेवर लाकडी आडोसाही लावून झाला, ओरड झाल्यावर काढला. त्यामुळे नुसता फोटो काढून परत बसमध्ये बसणार असाल तर गेला नाहीत तरी चालेल. जाणार असाल तर वर डोंगरात जा. गाव जिच्यामुळे वसलं ती खाण वर आहे.

फ्युनिक्युलरने (दोरखंडाने ओढल्या जाणाऱ्या रुळांवरच्या गाडीने) वर गेलं की खाणीचं तोंड येतं. अंगावर खाणकामगारांचा सदरा-विजार चढवायचा (सगळे एकजात विनोदी दिसतात) आणि आत शिरायचं. आत बारा महिने साधारण आठ अंश तापमान. एका पातळीवरून खालच्या पातळीवर जायला लाकडी घसरगुंड्या आहेत, पूर्वी कामगार तशाच उतरत. मोठी घसरगुंडी ६४ मीटर लांब. माझ्या सासूबाई "मी इथेच बसते बाई" म्हणत होत्या, आणि सगळ्यांच्या आधी त्याच खाली पोचल्या.

पण खरं बघायचं ते पुढे. एक लाकडी जिना आहे, २००३मध्ये सापडलेला. त्याच्यासाठी झाडं तोडली ख्रिस्तपूर्व १३४४च्या सुमाराला. युरोपात सापडलेला हा सर्वांत जुना लाकडी जिना. मिठाने लाकूड कुजूच दिलं नाही. पायऱ्या खाचांत अशा बसवल्यात की जिन्याचा उतार बदलला तरी पायरी सपाट करून घेता यावी. कुणीतरी विचार करून केलेली सुतारकी आहे ती, हात लावावासा वाटतो. (लावू देत नाहीत.) १७३४ साली तर खाणीत एक अख्खा माणूस सापडला होता, प्राचीन काळी दरड कोसळून गाडला गेलेला आणि मिठात टिकलेला. गावकऱ्यांनी त्याला रीतसर पुरला. पुढे १८४६पासून योहान गेओर्ग रामसाउअर नावाच्या खाण-अधिकाऱ्याने वरच्या दरीत हजाराच्या आसपास कबरी खणल्या आणि प्रत्येकीची जलरंगात चित्रं करवून घेतली. त्यांत हस्तिदंती मुठीच्या तलवारी होत्या, बाल्टिक किनाऱ्यावरचा अंबर, म्हणजे दगड झालेला झाडाचा डिंक होता. एवढ्या आडबाजूच्या डोंगरात ही श्रीमंती फक्त मिठावरची. युरोपातल्या सुरुवातीच्या लोहयुगाला 'हालश्टाट संस्कृती' हे नाव पडलं ते यावरून.

खाली आलात की कॅथलिक चर्चच्या मागे मिखाएलच्या छोट्या चॅपलमध्ये जा. कडा आणि तळं यांच्यामध्ये कबरस्तानाला जागा ती किती असणार? म्हणून काही वर्षांनी कबर उघडायची, हाडं स्वच्छ करून उन्हात पांढरी करायची आणि कवटी इथे आणून ठेवायची. बाराशेच्या आसपास कवट्या आहेत, त्यातल्या निम्म्या रंगवलेल्या. कपाळावर नाव, साल, आयव्हीची वेल किंवा गुलाबांची माळ. घराण्याप्रमाणे शेजारी शेजारी मांडलेल्या. सर्वांत नवी १९९५मध्ये ठेवली, एका बाईंची; तसं त्यांनीच सांगून ठेवलं होतं. त्यांचा सोन्याचा दात दिसतो. मला वाटलं होतं भीती वाटेल. उलट कुणाच्या तरी घरी बसून जुने फोटो बघतोय असं वाटलं.

आता पाइपलाइन. मिठाचं पाणी उकळायला लाकूड लागतं. शेकडो वर्षं उकळून हालश्टाटच्या आसपासचं जंगल संपत आलं. मग लाकूड खाणीपर्यंत आणण्यापेक्षा खारं पाणीच लाकडापर्यंत न्यायचं ठरलं. १५९५ ते १६०७ या काळात तेरा हजार झाडांचे बुंधे आतून पोखरून, एकाला एक जोडून, एबेनझेपर्यंत ४० किलोमीटरची नळी टाकली. जगातली सर्वांत जुनी औद्योगिक पाइपलाइन म्हणतात ती हीच. तिच्या कडेने आता पायवाट आहे. हालश्टाटहून बाड गोइझर्नच्या दिशेने चाललात तर डावीकडे कडा, उजवीकडे तळं आणि बसमधल्या गर्दीतलं चिटपाखरू नाही.

बाड इश्लचं आणि खाण्याचं प्रतिसादांत लिहिते, हात दुखले.

सह्यभटक्या

एक नंबर! त्या पायवाटेला माझंही अनुमोदन. गोझाउझ्वांगला उंच दगडी खांबांवरून ती नळी दरी ओलांडते, तिथे थांबाच.

माझी भर: हालश्टाटमध्ये न राहता पलीकडच्या ओबरट्राउनला राहा. स्वस्त पडतं आणि डाखश्टाइन डोंगरावर जाणारा रोपवे तिथूनच सुटतो. मधल्या थांब्यावर बर्फाची गुहा. वर क्रिपेनश्टाइनला 'पाच बोटं' आहेत, म्हणजे कड्याच्या बाहेर काढलेले पाच सज्जे. खाली ४०० मीटर पोकळी, एका सज्जाचा तळ काचेचा. भिडू तिथपर्यंत गप्पा मारत येतात आणि काचेवर पाय ठेवताना देवाचं नाव घेतात.

डाखश्टाइन २९९५ मीटर. पाच मीटरने तीन हजार हुकला, म्हणून तिकडची मंडळी हळहळतात म्हणे. त्याचं सर्वांत देखणं रूप गोझाउझे तळ्याच्या काठावरून, सकाळी लवकर, वारा सुटायच्या आधी. तळ्याला पूर्ण फेरी सपाट आहे, आईबाबांना घेऊन जा.

डोंगरातल्या वाटांवर दगडांवर लाल-पांढरे-लाल पट्टे रंगवलेले असतात, चुकायला वाव कमी. कुरणांवरच्या झोपड्यांत साधारण जून ते सप्टेंबर गुरं आणि माणसं असतात. तिथे ताक मागा, 'बुटरमिल्ख'. घट्ट, आंबटसर, बिनमिठाचं. मी खिशात जिरेपूड घेऊन जातो, हसायचं त्याने हसा.

सप्टेंबरात गेलात तर गुरं खाली उतरवण्याचा सोहळा चुकवू नका. गाईंच्या डोक्यावर फुलांचे, आरशांचे मुकुट, गळ्यात परातीएवढ्या घंटा, गाव दुतर्फा उभं. थेट आपला पोळाच. फरक एवढाच की त्या उन्हाळ्यात कळपात किंवा घरात अपघात, मृत्यू झाला असेल तर गाई सजवत नाहीत, मुकाट उतरवतात.

अन्नपूर्णा७८

शेवंतीताई, छानच लिहिलंय, वाचनखूण साठवली. पण आम्ही चौघंही शाकाहारी (अंडं केकमध्ये चालतं, समोर दिसलेलं नाही). मागच्या युरोपवारीत पाव आणि फ्रेंच फ्राइजवर दिवस काढले. तिकडे खायला काय मिळेल ते स्पष्ट सांग. प्रचि (फोटो) पण टाक की!

रावसाहेब

लेख चांगला आहे. तरी दुसरी बाजू मांडतो. माझं वय ७१, सौ.चे गुडघे बदललेले. आम्ही सहलकंपनीबरोबर गेलो, रोज रात्री वरणभात मिळाला, बॅगा कुणीतरी उचलल्या. इन्सब्रुकचं सोनेरी छप्पर पाहिलं, २६५७ तांब्याचे सोनं चढवलेले पत्रे, सम्राट माक्सिमिलियानने केलेलं. आम्हाला आनंद झाला. आमच्यासारख्यांनी काय बुंध्यांच्या नळीच्या कडेने चालत जायचं? आणि डोंगरच बघायचे तर स्वित्झर्लंडला तोड नाही, हेही नमूद करतो.

शेवंती

@रावसाहेब, काका, सहलकंपनीवर राग नाही माझा, दोन तासांवर आहे. वरणभाताबद्दल तर मी काही बोलूच शकत नाही, मीही रविवारी तोच लावते. पण गुडघ्यांच्या बाबतीत हा मुलूख सोपा आहे. डोंगरावर चढायला रोपवे, शाफबेर्गला तर १८९३पासून दातेरी रुळांची गाडी आहे, १७८३ मीटरच्या माथ्याच्या अगदी जवळपर्यंत. तळ्यांत बोटी. इन्सब्रुकला परत गेलात तर छपराच्या जवळच होफकिर्शे चर्च आहे, त्यात त्याच माक्सिमिलियानच्या थडग्याभोवती माणसापेक्षा उंच २८ कांस्यपुतळे उभे आहेत. एवढा थाट आणि थडगं रिकामं, सम्राट पुरलाय वीनर नॉयश्टाटला. स्वित्झर्लंडबद्दल वाद घालत नाही. तिथले डोंगर उंच आहेत, हॉटेलांचे आकडेही.

@अन्नपूर्णा७८, हे घे सविस्तर.

आधी धोके. सूप भाज्यांचं दिसलं तरी बहुतेकदा गोमांसाच्या पाण्यात केलेलं असतं. बटाट्याच्या सॅलडमध्येही तेच पाणी घालायची रीत आहे, आणि हे वेटर आपणहून सांगत नाही कारण त्याच्या लेखी ते मांस नाहीच. चीजचे गोळे चपटे करून तळतात, 'कासप्रेसक्नोडल', ते छानच. पण सुपात घालून न घेता सॅलडबरोबर माग. तळण कशात आहे तेही विचार, कधीकधी डुकराची चरबी असते. आणि 'श्पेक' हा शब्द पाठ कर, मिठात मुरवून धुरी दिलेलं डुकराचं मांस. इथले लोक ते चवीपुरतं कशातही टाकतात.

आता बिनधास्त खायचं ते. 'कासनोकन': कणकेचे, म्हणजे मैदा-अंड्याच्या सैलसर पिठाचे, बोटाच्या पेरापेक्षा लहान गोळे उकळत्या पाण्यात पाडायचे, मग लोखंडी तव्यात लोणी, कांदा आणि वासाचं चीज घालून परतायचे. तवाच टेबलावर येतो. वर करपतोय की काय इतका लालबुंद कांदा. घरातली माणसं तळाची खरवड कुणाची यावर भांडतात, म्हणजे ती कधीच टाकू नकोस. अंडं पिठात असतं, दिसत नाही, तुमच्या नियमात बसतं. पालकाचे 'श्पिनाटक्नोडल' वितळलेल्या लोण्यासकट. पावसाळी ऑगस्टमध्ये जंगलातली पिवळी 'आयरश्वामर्ल' अळंबी. स्टायरियाचं भोपळ्याच्या बियांचं तेल, बाटलीत काळं आणि ताटात हिरवं, सॅलडवर चमचाभर घातलं तरी पुरतं. कपड्यावर पडलं तर मात्र विसरा.

गोडात 'कायझरश्मारन'. जाडसर धिरडं तव्यातच फाडून तुकडे करतात, लोणी-साखरेत परततात, वर पिठीसाखर, बाजूला आलुबुखाराचा शिजवलेला गर. एकीने एकटीने संपवायचा पदार्थ नाही तो, दोघींत एक. 'गेर्मक्नोडल' म्हणजे आंबवलेल्या पिठाचा वाफवलेला गोळा, पोटात आलुबुखाराचं घट्ट सारण, वर वाटलेली निळसर खसखस, साखर आणि लोण्याची धार. खसखस इकडे पोत्याने खातात. ती विकत घेऊन आणायचा मोह होईल, पण दुबईमार्गे परतणार असाल तर आणू नका, अमिरातीत खसखशीवर बंदी आहे.

बाड इश्लला त्साउनर नावाचं १८३२पासूनचं मिठाईचं दुकान आहे, तिथे बसून कॉफी. आणि या गावाचंही मूळ मिठातच. खाऱ्या पाण्याच्या आंघोळींचा उपचार घ्यायला राजघराण्यातली झोफी इथे आली, मूल होत नव्हतं म्हणून. मग १८३०मध्ये फ्रान्त्स योझेफ जन्मला, पाठोपाठ आणखी मुलगे. लोक त्यांना मिठाचे राजपुत्र म्हणायचे. तो पुढे सम्राट झाला आणि आयुष्यभर उन्हाळ्याला इश्ललाच येत राहिला. जुलै १९१४मध्ये सर्बियाविरुद्धच्या युद्धाच्या जाहीरनाम्यावर त्याने सही केली ती इथल्याच बंगल्यात. टेबल दाखवतात. भिंतीभर शिकार केलेल्या जनावरांची शिंगं, आणि मधे ते साधंसं टेबल.

प्रचि लेकाच्या फोनमध्ये आहेत, त्याची परीक्षा संपली की.

कोळंबी

आमच्या पोटाचं काय? तळी आहेत म्हणजे मासे असणार!

आणि मीठ आणि राजसत्ता म्हटलं की आम्हा वेंगुर्ल्याकडच्यांना शिरोडाच आठवणार. १९३०च्या मे महिन्यात मिठागरांवर सत्याग्रह झाला, त्याच्या गोष्टी आजोबांकडून ऐकलेल्या. तिकडे कुणी मिठावरून राजाला प्रश्न विचारले की नाही?

शेवंती

@कोळंबी, मासे आहेत हो. तळ्यातला 'राइनांके' आणि 'झाइबलिंग', दोन्ही गोड्या पाण्याचे. मीठ-लोणी लावून भाजतात, फार तर लिंबू. मसाला शोधू नका, ताजेपणावर जातं सगळं. काठीला टोचून निखाऱ्यावर भाजलेला मासा जत्रांमध्ये मिळतो, तो मात्र तुम्हाला आवडेलच.

मिठावरून भांडणं इथेही झाली, पण मोठ्यांमोठ्यांत. साल्झबर्गच्या मागचा पैसा हालाइनच्या खाणीतला. वोल्फ डीट्रिख नावाचा आर्चबिशप साल्झबर्गवर राज्य करायचा, स्वतः धर्मगुरू असून सालोमे आल्ट या बाईंपासून त्याला पंधरा मुलं, तिच्यासाठी १६०६मध्ये राजवाडा बांधला. आज मिराबेल बागेत सगळे फोटो काढतात ती बाग त्याच वाड्याची. मिठाच्या व्यापारावरून १६११मध्ये त्याने शेजारच्या बव्हेरियाशी उघड भांडण काढलं आणि हरला. त्याला त्याच्याच होहेनसाल्झबर्ग किल्ल्यात कोंडलं, तिथेच १६१७मध्ये मेला. किल्ल्यावरून खाली मिराबेल स्वच्छ दिसतं. गाइड हे सांगत नाहीत, मोझार्टच्या चॉकलेटांकडे घेऊन जातात.

आणि मिठाची सरकारी मक्तेदारी ऑस्ट्रियात किती साली उठली असेल? १९९५, युरोपीय संघात गेल्यावर.

बखरकार

वाचतोय. मिठाच्या खाणींचा एक अध्याय राहिला. हालश्टाटपासून जवळच आल्टआउसझे. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी लुटलेली चित्रं-शिल्पं तिथल्या खाणीत ठेवली होती, कारण आतली हवा बारा महिने सारखी. साडेसहा हजारांहून जास्त चित्रं, त्यांत गेंटची वेदीचित्रं आणि मायकेलअँजेलोची ब्रुजची मॅडोना. युद्ध हरत आल्यावर तिथल्या नाझी प्रमुखाने 'संगमरवर, आपटू नये' असं लिहिलेल्या आठ पेट्या आत नेल्या. पेट्यांत प्रत्येकी ५०० किलोचा बॉम्ब. खाण उडाली असती तर चित्रं गेली असती आणि गावाची रोजीरोटीही. मे १९४५मध्ये खाणकामगारांनी त्या पेट्या गुपचूप बाहेर काढल्या आणि तोंडं छोट्या स्फोटांनी बुजवून खाण वाचवली. खाण बघता येते.

अवांतर: साल्झबर्गहून दक्षिणेला बाड गास्टाइन. गावाच्या मधोमध धबधबा कोसळतो आणि दोन्ही काठांना जुनी हॉटेलं. डिसेंबर १९३७मध्ये सुभाषचंद्र बोस तिथे होते, त्यांचं अपुरं आत्मचरित्र त्यांनी तिथेच लिहिलं. भारतीय पर्यटकांच्या एकाही पत्रकात ते गाव मी पाहिलेलं नाही.

अन्नपूर्णा७८

ताई, ते सुपाचं आधी माहीत असतं तर! पाठ केलं सगळं. एक सांग, त्या पुरातन खाणकामगारांचं जेवण काय असेल ग? डब्यात काय न्यायचे?

शेवंती

@अन्नपूर्णा७८, गंमत म्हणजे हे नेमकं माहीत आहे. जेवता जेवता वाचत असशील तर पुढचं नंतर वाच. खाणीत त्यांची विष्ठासुद्धा मिठाने टिकवून ठेवली आहे. तिच्यावरून दिसतं की जव, राळे आणि मोठ्या दाण्याची कडधान्यं एकत्र शिजवून खायचे. स्टायरिया-करिंथियात जवाचं आणि घेवड्याचं 'रिचर्ट' अजून करतात, त्यात डुकराचं मांस असतं पण. २०२१मध्ये संशोधकांना २७०० वर्षांपूर्वीच्या नमुन्यात निळं चीज मुरवणारी बुरशी आणि बिअर आंबवणारं यीस्ट सापडलं. म्हणजे चीज आणि बिअर, आज या डोंगरातल्या कुठल्याही झोपडीत मिळतं तेच.

खडूस_खापर

चीज-बिअरचा पुरावा कुठून मिळाला ते वाचून बिअर पिणं सोडायचा विचार करतोय. दिवे घ्या (म्हणजे हलकंच घ्या).

चिंगी

खूप उपयोगी धागा. आम्ही जूनमध्ये येतोय, मुलगी तीन वर्षांची, बाबागाडी आहे. गाडी भाड्याने घेणार नाही. व्हिएन्नाहून हालश्टाट ट्रेनने जमेल का? आणि खाणीत तिला नेता येईल का?

शेवंती

@चिंगी, जमेल. व्हिएन्नाहून साल्झबर्गच्या दिशेची गाडी, आटनांग-पुखहाइमला बदल, तिथून डोंगरातली छोटी गाडी. ग्मुंडनपासून पुढे आधी डावीकडे ट्राउनझे तळं दिसतं, शेवटी हालश्टाटचं तळं मात्र उजवीकडे. हालश्टाट स्टेशन तळ्याच्या पलीकडच्या काठाला आहे, गाडीला जोडून बोट असते. शेवटची बोट लवकर सुटते, ती वेळ आधी बघून ठेवा, नाहीतर ओबरट्राउनपर्यंत जा आणि तिथून बस. लांबच्या गाड्यांची तिकिटं आधी काढलीत तर बरीच स्वस्त पडतात.

खाणीत लहान मुलांना वयाची अट असते, तीन वर्षांची बहुधा चालणार नाही. तिकिटाआधी त्यांच्या साइटवर बघ. तुम्ही दोघं आळीपाळीने जा, वरच्या गच्चीवर दुसऱ्याला बसायला मोकळी जागा आणि तळ्याचा देखावा आहे. बाबागाडी गोझाउझेच्या फेरीला चालते, मिठाच्या पायवाटेवर नाही.

आणि रविवारी दुकानं बंद. दूध, केळी, पाव शनिवारी संध्याकाळीच घेऊन ठेव.

चिंगी

धन्यवाद ताई! बोटीची वेळ आत्ताच बघते.